सकाळी काही घेतलं होतं का?

पुण्यातल्या त्या मेंदूविकारतज्ज्ञ बाई माझ्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी लहान असतील. त्यांनी मला अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर भरभर आपटायला सांगितलं. डाव्या हाताची बोटं नीट आपटली. उजव्या हाताची पाच-सहा वेळा आपटली आणि मग चिखलातून चालल्यासारखी संथ झाली. मग कागदावर आतून बाहेर फिरत जाणारी एक चक्री काढायला सांगितली, एक वाक्य लिहायला सांगितलं आणि बाहेरच्या पॅसेजमध्ये चालून दाखवायला सांगितलं. मी परत आलो तेव्हा त्या माझ्या उजव्या हाताकडे बघत होत्या. चालताना तो हलतच नव्हता.

"सर, पार्किन्सन्स आहे," त्या म्हणाल्या. "कधीपासून जाणवतंय?"

"तीन-चार महिने झाले असतील."

खोटं होतं. दोन वर्षं झाली होती.

"अजून ऑपरेशन्स करता?"

"अधूनमधून."

हेही खोटं. आदल्याच दिवशी मी दोन ऑपरेशनं केली होती. शेजारच्या खुर्चीत माझी बायको शैला बसली होती. तिला सगळं माहीत होतं. ती पर्समधला रुमाल शोधत राहिली.

"आजपासून बंद करा सर," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण त्यात विनंतीही नव्हती.

पार्किन्सन्स म्हणजे काय ते आधी सांगतो. मेंदूच्या एका भागात डोपामिन नावाचं रसायन तयार होतं. आपल्या हालचाली सुरळीत, न अडखळता व्हाव्यात म्हणून ते लागतं. ते तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात. हात स्वस्थ असताना थरथरतो, त्याला ट्रेमर म्हणतात. स्नायू ताठरतात, ती रिजिडिटी. आणि प्रत्येक हालचाल संथ होते. लोकांना थरथर दिसते, पण सर्जनचा घात करतो तो हा संथपणा. आजार पूर्ण बरा होत नाही. लेव्होडोपा नावाच्या गोळीने डोपामिनची उणीव काही तास भरून निघते, आणि नीट उपचार घेतले तर माणूस बरीच वर्षं चांगलं जगतो. हा आजार ज्यांच्या घरात आला असेल त्यांनी घाबरून जाऊ नये. मला जे झालं त्यातलं सगळ्यात वाईट या आजारामुळे झालेलं नाही. ते मी केलं. त्याबद्दलच लिहायला बसलो आहे.

माझं गाव पिंपरी पेंढार. वडील प्राथमिक शिक्षक होते. आमच्या भावकीतला मी पहिला डॉक्टर आणि आजूबाजूच्या दहा गावांतला पहिला सर्जन. पुणे-नाशिक रस्त्यावर, पेठच्या अलीकडे, मी दवाखाना टाकला तेव्हा सहा खाटा होत्या. पुढे त्याचं तीन मजली हॉस्पिटल झालं. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतली माणसं पुण्याला जायच्या आधी माझ्याकडे यायची, आणि मी नको म्हटलं तर पुण्यालाही जायची नाहीत. शाळेचं स्नेहसंमेलन असो की पतसंस्थेची सभा, मला स्टेजवर मधली खुर्ची असे. निवडणुकीत उभे राहणारे आधी माझ्या केबिनमध्ये येऊन बसत. पस्तीस वर्षांत मला कोणी "तुमचं चुकलं" असं म्हटल्याचं आठवत नाही. म्हटलं असेल तर मी ऐकलं नसेल.

पहिलं लक्षण नाकाचं होतं. ऑपरेशन थिएटरमधल्या स्पिरिटचा वास मला येईनासा झाला. सर्दी समजून मी सोडून दिलं. वास जाणं हे पार्किन्सन्सचं फार आधीचं लक्षण असू शकतं, हे मी विद्यार्थीदशेत वाचलेलं होतं. मग अक्षर बारीक होत गेलं. ओळ सुरू व्हायची नेहमीसारखी, शेवटाला मुंगीएवढी व्हायची. खालच्या मेडिकलवाल्याचे चिठ्ठीतलं अक्षर न लागल्याचे फोन येऊ लागले. मग एक दिवस पेपर वाचताना उजवा अंगठा आपोआप हलताना दिसला. मी त्यावर डावा हात ठेवला.

माझी मुलगी अनघा भूलतज्ज्ञ आहे. तेव्हा ती माझ्याच हॉस्पिटलमध्ये काम करत होती. तिने थिएटरमध्ये सगळ्यांत आधी ओळखलं.

"बाबा, एकदा दाखवून घ्या ना. गाठी मारायला वेळ लागतोय तुम्हाला."

"बत्तीस वर्षं गाठी मारतोय मी. तू भूल दे."

ती गप्प बसली. माझ्या घरात माझ्यासमोर गप्प बसायची सवय सगळ्यांनाच होती.

रंजनाबाई माझ्याकडे आल्या त्या यानंतर वर्षभराने. महाळुंगे पडवळच्या. वय चाळीसच्या आसपास. गावात शिवणाचा क्लास चालवायच्या, दहा-बारा मुली त्यांच्या हाताखाली शिकायच्या. नवरा बबन शेती करायचा, घरात सासू. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ यायची. सोनोग्राफीत गॉलब्लॅडरमध्ये, म्हणजे पित्ताशयात, खडे दिसले. असं पित्ताशय दुर्बिणीतून काढतात, पोटाला चार बारीक छिद्रं पाडून. त्याला लॅपरोस्कोपी म्हणतात. मी अशी किती केली असतील याचा हिशोब नाही.

"साधं ऑपरेशन आहे. तिसऱ्या दिवशी घरी," मी म्हणालो. माझ्या हाताला काय होतंय याबद्दल एक अक्षर बोललो नाही. ते विचारायचं असतं हे त्यांना माहीत नव्हतं. सांगायचं असतं हे मला माहीत होतं.

ऑपरेशन दुपारी एकला सुरू झालं. आत सूज होती, पित्ताशय चिकटलेलं होतं. अशा वेळी थांबायचं, जागा नीट ओळखू येईपर्यंत काहीही कापायचं नाही, आणि नाहीच ओळखू आली तर दुर्बीण सोडून पोट उघडायचं. हे मी दोन पिढ्यांना शिकवलं आहे. पण हात माझ्या मनाप्रमाणे पुढे सरकत नव्हता आणि तो सरकत नाही हे समोरच्यांना दिसू नये याची मला घाई होती. पित्ताशयाची बारीक नळी समजून मी जी नळी चिमटा लावून कापली, ती कॉमन बाईल डक्ट होती. यकृतातून आतड्यात पित्त नेणारी मुख्य नळी.

पडद्यावर हिरवट पिवळं पाणी झिरपताना दिसलं. मला त्याच क्षणी कळलं.

डोक्याच्या बाजूने अनघाचा आवाज आला, "सर, पित्त येतंय." थिएटरमध्ये ती मला सर म्हणायची.

"धुऊन घेतोय."

"सर, थांबून बघायचं का? पुण्याला फोन लावू?"

"धुऊन घेतोय म्हटलं ना."

मी आत धुतलं, पोटात पाणी काढणारी नळी ठेवली आणि टाके घातले. ऑपरेशनच्या नोंदीत लिहिलं की चिकटण फार होती आणि शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली.

इथे डॉक्टरमंडळींसाठी एक गोष्ट स्पष्ट करतो. अशी इजा चांगल्या, स्थिर हाताच्या सर्जनकडूनही होते. तेव्हाच कबूल केलं, तेव्हाच जाणकाराकडे पाठवलं, तर रुग्ण बहुतेक वेळा सावरतो. मी आजारी हात लपवून चाकू धरला हा माझा पहिला गुन्हा. पण रंजनाबाईंचं आयुष्य मी उद्ध्वस्त केलं ते पुढच्या दिवसांत, शुद्धीवर राहून, दोन्ही पायांवर उभं राहून.

दुसऱ्या दिवशी ताप आला. पोट फुगलं. नळीतून पित्त येत होतं. तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे दिसू लागले. मी अँटिबायोटिक बदलत राहिलो. संध्याकाळच्या राउंडला खोलीबाहेर बबन, त्याची आई आणि गावातली सात-आठ माणसं उभी होती. बबनने हात जोडले.

"साहेब, असं का व्हतंय? तुमी तर साधं हाय म्हनला व्हता."

मी दार उघडं ठेवून आत गेलो. रंजनाबाईंना विचारलं, बाहेर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "ऑपरेशनच्या दिवशी सकाळी काही घेतलं होतं का?"

त्या गोंधळल्या. "अर्धा कप चहा घेतला व्हता साहेब. साडेपाचला. म्याडमला सांगितलं व्हतं मी."

मी मान हलवली. काहीच बोललो नाही. नुसती मान हलवली आणि बबनकडे बघितलं. बबनने बायकोकडे बघितलं. ती नजर मी आजही विसरू शकत नाही.

साडेपाचचा चहा आणि एकचं ऑपरेशन, मध्ये साडेसात तास. त्या चहाचा कशाशीही संबंध नव्हता. उपाशी ठेवतात ते भूल देताना उलटी होऊन श्वासात जाऊ नये म्हणून. पित्ताच्या नळीला त्याचं सोयरसुतक नसतं. अनघाने चहाची वेळ कागदावर लिहिली होती आणि हिशोब करूनच भूल दिली होती. पण बाहेर पडताना मी बबनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "भूल देणाऱ्यांनी जास्त खोलात विचारायला हवं होतं." म्हणजे एका वाक्यात मी दोन निरपराध बायकांवर आळ घातला. त्यातली एक माझी मुलगी होती.

सातव्या दिवशी त्यांना पुण्याला हलवलं. तोवर पोटात पू झाला होता. तिथल्या डॉक्टरांसाठी दिलेल्या पत्रात मी लिहिलं की नळ्यांची रचना जन्मतःच वेगळी होती. शैलाने ते पत्र टाइप केलं. हॉस्पिटलचा सगळा कारभार तीच बघायची. टाइप करून झाल्यावर तिने एवढंच विचारलं, "हे असंच लिहायचं ना?" मी हो म्हणालो. तिने पुन्हा विचारलं नाही.

त्याच दिवशी दुपारी अनघा माझ्या केबिनमध्ये आली.

"बाबा, तुम्ही त्यांना चहाबद्दल का विचारलंत?"

"विचारावं लागतं."

"नाही. तुम्हाला कारण माहीत होतं. मलाही माहीत होतं. मी चार दिवस तुमच्या तोंडाकडे बघत होते, की आज सांगतील, उद्या सांगतील. आणि तुम्ही माझंच नाव पुढे केलंत."

"हॉस्पिटलमध्ये सव्वाशे माणसं कामाला आहेत अनघा. माझं नाव गेलं तर—"

"जाऊ दे ना मग," ती म्हणाली.

पंधरा दिवसांत तिने पुण्यात दुसरी नोकरी धरली. आमच्या घरी येणं बंद केलं. आईचे फोन घ्यायची, माझे नाही. आणि मी? मी पुढचे आठ महिने ऑपरेशनं करत राहिलो. आणखी कोणाला इजा झाली नाही असं मला वाटतं. खात्रीने सांगू शकत नाही. ही खात्री नसणं हाही माझ्या आजारपणाचा भाग आहे, त्याला गोळी नाही.

निदानानंतर ऑपरेशन बंद केलं, पण खरं कारण सांगितलं नाही. "आता समाजकार्याला वेळ देणार," असं जाहीर केलं. मोठा सत्कार झाला. शाल, फेटा, मानपत्र. आमची पोरं-बाळं वाचवलीत म्हणून बाया रडल्या. मी उजवा हात शालीखाली ठेवला होता.

मग रुग्ण म्हणून जगणं सुरू झालं. गोळी जेवणाआधी अर्धा तास, घड्याळ लावून. उशीर झाला की पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे. शर्टाची गुंडी लावायला पाच-पाच मिनिटं. फिजिओथेरपीत एक तरुण बाई मला "एक, दोन, मोठं पाऊल" असं मोजत चालवायची. रांगेत बसायची मला सवय नव्हती. सुरुवातीला मी कार्ड पुढे पाठवून आधी आत जायचो. मग तिथल्या डॉक्टर बाईंनीच एकदा सांगितलं, "सर, बाहेरची मंडळीही सकाळपासून आली आहेत." तेव्हापासून बाकावर बसू लागलो.

त्या बाकावर बसल्यावर कळलं की आत गेलेला माणूस किती वेळ बाहेर येत नाही यावरून बाहेरचे लोक आजाराचा अंदाज बांधतात. डॉक्टरने मान कशी हलवली, यावर घरी जाऊन चार दिवस चर्चा होते. मी तर मान हलवूनच एक घर मोडलं होतं. पण ते मला अजून पुरतं माहीत नव्हतं.

निदानाला पाच महिने झाले असतील. तपासणी आटोपून शैला गाडी काढायला गेली होती आणि मी त्या पुण्याच्या हॉस्पिटलात औषधांच्या खिडकीजवळ उभा होतो. समोरच्या बाकावरची एक बाई उठून उभी राहिली.

"साहेब, बसा इथं."

मी ओळखलं नाही. गालाची हाडं वर आलेली, कातडी काळवंडलेली, साडी अंगावर टांगल्यासारखी.

"वळखलं न्हाई का साहेब? मी महाळुंग्याची रंजना."

मी बसलो.  त्यांनी सांगितलं की तीनदा भरती व्हावं लागलं. पोटाला कित्येक महिने नळी होती. शेवटी मोठं ऑपरेशन करून आतड्याचा तुकडा थेट यकृताच्या नळीला जोडला, आता बरं आहे, फक्त तपासायला यावं लागतं.

मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"साहेब, लई दिवसांचं मनात व्हतं, तुमाला भेटून माफी मागायची. मी त्या दिशी चहा प्याले नसते तर ह्यातलं कायबी झालं नसतं. तुमच्या हातून कदी असं झालं न्हाई, सगळी म्हनत्यात. माझ्यापायी तुमाला बोल लागला."

औषधांच्या खिडकीवर कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं. त्या बोलतच राहिल्या.

"आत्याबाई तर रोज बोलत्यात. एका चहापायी सगळ्या घराला वनवास केला म्हनून. ह्यांनी माझ्याशी बोलनं टाकलंय. क्लासबी गेला. पोरी तरी किती दिस थांबतील? चुकलं माझं. माफी करा साहेब."

आणि त्या खाली वाकून माझ्या पाया पडल्या.

त्या क्षणी मला सांगता आलं असतं. दोन वाक्यांचं काम होतं. गर्दी होती पण कोणी आमच्याकडे बघत नव्हतं. मी म्हणालो, "असू द्या."

असू द्या. माझ्या सगळ्या आयुष्यात मी उच्चारलेले सगळ्यात हलकट दोन शब्द. मी त्यांना माफ केलं!

गाडीत मी शैलाला सगळं सांगितलं. चाकणला तिने गाडी बाजूला घेतली. मग म्हणाली, "अहो, त्या आता बऱ्या आहेत ना? मग कशाला? आपण निघालो आहोत त्यातून."

"ती नाही निघाली."

"आणि तुम्ही सांगितलंत तर ते पत्र कोणी टाइप केलं हेही विचारतील."

तिला दोष देण्याचा अधिकार मला नाही. तीस वर्षं मी तिला माझ्या नावाची राखण करायला बसवलं होतं. ती फक्त तिचं काम करत होती.

मी अनघाला फोन केला. तिने उचलला नाही. मेसेज लिहायला मला बराच वेळ लागला, बोटं भलत्याच अक्षरांवर पडत होती: रंजनाबाई भेटल्या. त्यांनी माझी माफी मागितली. चहासाठी.

दुसऱ्या दिवशी ती आली. तेरा महिन्यांनी मी तिला समोर बघत होतो. मी सगळं सांगितलं, पाया पडण्यासकट, असू द्या सकट. ती रडली, पण माझ्याजवळ आली नाही.

"मला सांगून काय उपयोग बाबा? त्यांना सांगा. त्यांच्या घरी जाऊन. त्या दिवशी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं होतंत ना? तसंच सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा." थोडं थांबून ती म्हणाली, "मीही येते. मलाही सांगायचंय. मी नोकरी सोडली आणि मला वाटलं माझं झालं. त्यांना मी कुठे काय सांगितलं?"

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास आम्ही महाळुंगे पडवळला पोचलो. साहेब आले म्हणून धावपळ झाली. बबनने अंगणात खुर्ची टाकली, त्याच्या आईने ती पदराने पुसली. उघड्या दारातून आतल्या भिंतीवरची बुद्धाची तसबीर दिसत होती. तिच्याखाली शिलाई मशीन, त्यावर चादर टाकलेली. शेजारपाजारची माणसं जमली. अनघाने हळूच विचारलं, आत बसायचं का. मी नको म्हणालो.

पाठ केलेलं काही आठवेना. मी बसून बोलू लागलो तर आवाज फुटेना. या आजारात आवाजही बारीक होतो. मी उभा राहिलो.

"रंजनाबाईंचा चहा काही कारण नव्हता," मी म्हणालो. "त्यांचं काहीही चुकलेलं नाही. मी चुकीची नळी कापली. माझा हात आजारी होता, ते मला माहीत होतं, आणि मी ते लपवलं. नळी कापली तेही मला लगेच कळलं होतं. तेही लपवलं. चहाचं मी मुद्दाम विचारलं. दोष माझ्यावर येऊ नये म्हणून."

 बबनची आई म्हणाली, "म्हंजी? च्याचं कायच नव्हतं?"

"काहीच नव्हतं आजी," अनघा म्हणाली. "मला त्यांनी सांगितलं होतं चहाचं. चालणारं होतं म्हणूनच मी भूल दिली. आणि चूक झाली ते मीही बघितलं होतं. मीही बोलले नाही."

म्हातारी ओट्याच्या कडेला बसली आणि सुनेकडे बघू लागली. रंजनाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी फक्त मलाच विचारलं.

"त्याच दिशी म्हाईत व्हतं तुमाला?"

"हो."

"आन मी तितं पाया पडले, तवाबी म्हाईत व्हतं?"

"हो."

"मंग असू द्या म्हनला तुमी."

"हो."

बबन उठला. मला वाटलं तो मारणार. मारलं असतं तर बरं वाटलं असतं, आणि म्हणूनच बहुधा मारलं नाही. तो माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबला.

"साहेब, तुमच्या एका मानेपायी मी हिच्याशी वरीसभर बोललो न्हाई," तो म्हणाला. "ती नळी लावून पडली व्हती तवाबी न्हाई बोललो."  तो गोठ्याकडे निघून गेला.

रंजनाबाई आत गेल्या आणि शाळेची एक वही आणि पेन घेऊन आल्या. "हे समदं लिवून द्या."

माझी बोटं पेनावर घट्ट बसली, पण पुढे सरकेनात. अनघा म्हणाली, "मी लिहिते, बाबा सही करतील."

"न्हाई म्याडम. त्यांनीच लिवायचं. कितीबी येळ लागू द्या."

दीड पान लिहायला मला तासभर लागला. त्या शेजारी बसल्या होत्या. एकेक ओळ पुरी झाली की वही ओढून घ्यायच्या आणि सासूला आणि जमलेल्यांना मोठ्याने वाचून दाखवायच्या. एका ठिकाणी मी "माझ्याकडून इजा झाली" असं लिहिलं होतं. त्यांनी वही परत माझ्यापुढे ठेवली. "मी केली, असं लिवा." मी खोडून लिहिलं.

सही झाल्यावर त्यांनी वही मिटली. "जावा आता साहेब," त्या म्हणाल्या. चिडून नाही. काम संपल्यावर म्हणतात तसं. मला माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि आजवर म्हणालेल्या नाहीत. कोणी त्यांना तसा आग्रह करू नये.

त्या पानाची एक प्रत मी स्वतः वैद्यकीय परिषदेकडे पाठवली. अनघाने आपला जबाब वेगळा पाठवला, त्याची किंमत तिलाही मोजावी लागतेय. चौकशी चालू आहे. रजिस्ट्रेशन मी आधीच परत केलं. ज्यांनी सत्कार केला होता त्यातल्या काहींनी तोंड फिरवलं, काहींनी खोटी सहानुभूती दाखवली: "साहेब, एवढं सांगायची काय गरज होती?" हे ऐकायला जास्त जड जातं. हॉस्पिटल आता दुसरे डॉक्टर चालवतात, दारावर माझं नाव नाही. शैला तीन महिने बहिणीकडे होती. परत आली, पण आमच्या दोघांत बोलणं कामापुरतंच. एकदा ती म्हणाली, "तुम्ही खरं बोलायचं ठरवलंत, तेव्हाही मला विचारलं नाहीत." 

रंजनाबाईंचा क्लास पुन्हा सुरू झाल्याचं अनघाने सांगितलं. ती त्यांना तपासणीला स्वतः घेऊन जाते. त्या दोघींचं आपसात काय बोलणं होतं ते मी विचारत नाही. अनघा महिन्यातून एकदा माझ्याकडे येते, गोळ्यांच्या वेळा बघते, मला चालायला लावते. मला बाबा म्हणते. त्यापलीकडे जे गेलंय ते परत येईल की नाही, माहीत नाही. येईल असं धरून मी राहत नाही.

पुण्याच्या त्या डॉक्टर बाईंचा मी ऋणी आहे. खोटं बोलणाऱ्या रुग्णाला त्यांनी सरळ आणि वेळेवर खरं सांगितलं. माझ्या पेशातल्यांना एवढंच सांगतो, हात आजारी पडला तर लवकर दाखवा. त्यात लाज नाही. लाज कशात आहे ते मी वर लिहिलं आहे.

आता आम्ही पिंपरी पेंढारच्या घरी राहतो. लोक अजूनही रिपोर्ट घेऊन येतात. मी आता डॉक्टर नाही असं सांगूनही येतात. परवा शाळेतला माझा जुना सोबती दत्तू आला. त्याच्या बायकोच्या पित्ताशयात खडे निघालेत, नारायणगावच्या सर्जनने ऑपरेशन सांगितलंय. करावं का, असं विचारत होता.

"करा," मी म्हणालो. "पण आधी त्याला विचार, तुमच्या हातून काही चुकलं तर मला त्याच दिवशी सांगाल का?"

दत्तू चपापला. "असं कसं इचारायचं राव डॉक्टरला? राग नाय का यायचा?"

"ज्याला राग येईल त्याच्याकडे करू नकोस."

"तुला आला आस्ता का?"

"हो," मी म्हणालो. "मला आला असता."